बिशपबुवांचा मागचा बाक

आमच्या नारायण पेठेत टपाल उघडण्याच्या दोनच पद्धती होत्या. विजेचं बिल असेल तर जिन्यातच उघडायचं आणि जिन्यातच खात्याचा उद्धार करायचा. बाकीचं सगळं दुपारच्या चहाबरोबर, सावकाश. तिसरी पद्धत बिशप वाघचौऱ्यांनी आणली. पोस्टमनच्या हातातून पाकीट घ्यायचं, कुलपाच्या किल्लीने तिथल्या तिथे फोडायचं, उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं आणि मगच जिन्याची पहिली पायरी चढायची. वाचून होईपर्यंत पोस्टमनलाही सोडायचे नाहीत. उत्तर लगेच द्यावंसं वाटलं, तर खिशातल्या कार्डावर चार ओळी खरडून त्याच्याच हाती देता याव्यात म्हणून. एकदा पोस्टमन मला म्हणाला, "लिमयेबाई, ह्यांना सांगा जरा. पत्र त्यांचं आहे, पण अख्खी शनिवार पेठ माझी वाट बघतीय."

मी काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाची एक खोड, म्हणून सोडून दिलं. ती खोड नव्हती हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

वाघचौरे निवृत्त बिशप होते. इंग्रजांच्या चर्चची परंपरा सांगणारा जो प्रोटेस्टंट पंथ आपल्याकडे आहे, त्याचे दोन-तीन जिल्ह्यांचे धर्मप्रमुख. तिथले सगळे पाळक, म्हणजे आपण ज्यांना पाद्री म्हणतो ते, त्यांच्या हाताखाली. शाळा, वसतिगृहं, दवाखाने वेगळेच. राहायला मोठा बंगला होता. निवृत्तीच्या दिवशी तो सोडला आणि दोन ट्रंका, एक लोखंडी खाट आणि पुस्तकांची खोकी घेऊन ते आमच्या इमारतीत भाड्याने आले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मूळचे नगरकडचे. "वडील विहिरी खणायचे," एवढंच त्यांनी सांगितलं, आणि मीही पुढे विचारलं नाही.

इमारतीचे मालक आगाशे तळमजल्यावर राहायचे. ते एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. फाटकावर त्यांनी स्वहस्ते रंगवलेली पाटी होती: 'चौकशी करू नये. उत्तर मिळेल, पण आवडणार नाही.' त्यांनी बिशपांची घेतलेली मुलाखत मी माझ्या गॅलरीतून ऐकली.

"नाव?"

"दानिएल वाघचौरे."

"व्यवसाय?"

"निवृत्त."

"कशातून?"

"बिशप होतो."

"होतो म्हणजे? आता नाही?"

"बिशप मरेपर्यंत बिशपच असतो. फक्त त्याचं कुणी ऐकत नाही."

"मुख्याध्यापकाचंही तसंच असतं," आगाशे म्हणाले. मग जरा खाकरून, "मांसाहार?"

"कुणी वाढला तर."

"इथे कुणी वाढणार नाही."

"मग प्रश्नच मिटला."

आगाश्यांनी त्याच दिवशी किल्ली दिली आणि त्याच दिवशी 'बिशपबुवा' हे नावही ठेवलं. पेठेने ते उचललं. बिशपबुवांनाही ते आवडलं असावं, कारण फोनवर ते स्वतःच सांगायचे, "कुणी अडवलं तर बिशपबुवांकडे जायचंय म्हणावं. खाली एक मुख्याध्यापक असतात, त्यांना घाबरू नये."

दिसायला ठेंगणे, काळेसावळे, रुंद हाडाचे. आवाज मात्र लाउडस्पीकर नसलेल्या मोठमोठ्या देवळांत कमावलेला. हो, देवळांत. चर्चला ते देऊळच म्हणायचे. नगरकडचे त्यांचे सगळेच लोक म्हणतात. पहिल्यांदा ते "रविवारी देवळात जातो" म्हणाले, तेव्हा मी भोळेपणाने विचारलं होतं, "कुठल्या, ओंकारेश्वराच्या?" त्यावर ते नुसते हसले. पेठेत सगळे नमस्कार म्हणतात. हे सगळ्यांना "सलाम" म्हणायचे, आणि थोड्याच दिवसांत कोपऱ्यावरचा वाणीही त्यांना सलाम म्हणू लागला. नाताळात ते करंज्या करायचे. आगाशे म्हणाले, "करंज्या? मला वाटलं, तुमच्यात केक असतो." बिशपबुवा म्हणाले, "केक दुकानात मिळतो, त्यात आईची आठवण येत नाही." आगाश्यांनी चार करंज्या खाल्ल्या आणि सारणात वेलदोडा कमी पडल्याचं लेखी कळवलं.

बिशपांचा म्हणून एक जांभळा सदरा असतो. ह्यांच्याकडे तसे तीन होते. अधिकार संपला, आता ते घालून बाहेर पडायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पण चांगलं कापड टाकवत नव्हतं. म्हणून तो सदरा चढवून ते घरात भांडी घासायचे. मला ते दृश्य फार आवडायचं. एवढी मोठी खुर्ची अंगावरून इतक्या सहज उतरवून ठेवलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि सरकारी नोकरीमुळे खुर्ची न सुटलेले पुष्कळ पाहिले होते.

ते दिवस असे की नव्या नव्या बँका आल्या होत्या आणि घरोघरी क्रेडिट कार्डाची पत्रं येऊन पडायची. आम्ही ती न फोडता रद्दीत टाकत होतो. बिशपबुवा फोडायचे, वाचायचे आणि उत्तर द्यायचे. मी एक कार्ड वाचलेलं आहे: 'आपले पत्र पावले. आपण माझी आठवण ठेवलीत, आभारी आहे. मला उधारीची गरज पडत नाही, पडल्यास कळवीन. आपण सर्व कुशल असाल.' बँकेच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच कुणी उत्तर दिलं असावं. तिथली एक मुलगी फोन करून विचारू लागली, "सर, हे तुम्ही खरंच लिहिलंय?" ती लातूरची निघाली. बिशपबुवांनी तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. कार्ड काही त्यांनी घेतलं नाही, पण पुढे दर दिवाळीला तिचं शुभेच्छापत्र येत राहिलं, आणि तेही त्यांनी जिन्यातच उघडलं.

मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेची अधीक्षक होते. आस्थापना म्हणजे रजा, बढत्या आणि मुख्य म्हणजे बदल्या. एप्रिल-मे आला की माझ्या टेबलाला यात्रेचं स्वरूप यायचं. वशिल्याचे फोन, डॉक्टरांचे दाखले, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाची नुसतीच खिळणार असलेली. एका मे महिन्याच्या संध्याकाळी मी आमच्या सामायिक गॅलरीत बसून बिशपबुवांपुढे फुशारकी मारत होते. ते मेथी निवडत होते.

मी म्हटलं, "माझ्याकडे हे असलं काही चालत नाही. अर्जाची शेवटची तारीख उलटली की येणारं एकही पाकीट मी उघडत नाही. आमदाराचं असो नाहीतर शिपायाचं. सगळी फितीत बांधून कपाटात. बदल्यांची यादी लागली की मग फोडायची."

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. बिशपबुवांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"सध्या किती आहेत कपाटात?"

"असतील पंधरा-वीस."

"कुणाची?"

"तेच तर! मला माहीतच नाही. माहीत नसणं हाच तर मुद्दा आहे."

"हो," ते म्हणाले. "माझाही तोच मुद्दा होता."

मग त्यांनी सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्यातही पाळकांच्या बदल्या होतात, आणि त्या बिशपच्या सहीने होतात. पुण्याची मंडळी, म्हणजे तिथलं देऊळ आणि त्याची माणसं, सगळ्यांना हवी, आडगावची कुणाला नको. हे बिशप झाले तेव्हा बंगल्यावर तुपाचे डबे येत, पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या येत. ह्यांनी पहिल्याच वर्षी नियम केला. यादी जाहीर होईपर्यंत कुठल्याही पाळकाला भेटायचं नाही आणि त्याचं पाकीट उघडायचं नाही. आलं तसं बंद परत पाठवायचं. वशिला बंद झाला. लोक म्हणू लागले, असा स्वच्छ बिशप झाला नाही.

"आणि मला त्याचा माज चढला, लिमयेबाई," ते म्हणाले. "दुसरा शब्द नाही. बंद पाकिटांचा गठ्ठा परत पाठवताना मला फार पवित्र वाटायचं."

त्यातलं एक पाकीट यशवंत पाटोळे नावाच्या पाळकाचं होतं. पाटोळ्यांची पुण्याहून बदली झाली, एका टोकाच्या गावी. तिथून पुण्याला दिवसातून एक एसटी. पाटोळे बंगल्यावर आले होते, तर दारातूनच शिपायाने सांगितलं, यादी होईपर्यंत साहेब भेटत नाहीत. यादी झाल्यावर ते पुन्हा आले नाहीत. पाळकाने आज्ञा पाळण्याची शपथ घेतलेली असते, आणि माणूस मानी होता. बायको-मुलीला घेऊन गेले. बायकोला कर्करोग होता, पुण्यात उपचार चालू होते. खेपा चुकत गेल्या. दिवाळीच्या आत ती गेली.

बिशपांना हे कळलं ते दफनाच्या दिवशी. ते तिकडे धावले. कबरीजवळ पाटोळे त्यांना एकच वाक्य बोलले: "नाही म्हणाला असता तरी चाललं असतं, साहेब. वाचायचं तरी."

"पत्रात नक्की काय होतं?" मी विचारलं.

"तेच मला माहीत नाही. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, जे लिहिलं होतंत ते एकदा सांगा, मला ऐकायचंय. ते म्हणाले, पाकीट चुलीत घातलं." बिशपबुवांनी पुन्हा मेथी घेतली. "माफी मागणं सोपं आहे हो. मला ते पत्र हवंय."

मी त्या रात्री जेवले नाही असं काही म्हणणार नाही; नीट जेवले. पण सकाळी साडेनऊलाच कार्यालयात गेले, कपाट उघडलं आणि फीत सोडली. बहुतेक पाकिटांत जे असणार तेच होतं. एकाच डॉक्टरच्या एकाच शाईतले पाठदुखीचे तीन दाखले होते. तळाशी भोसलेबाईंचं पाकीट होतं. भोसलेबाई आमच्या टंकलेखक, कधी मान वर न करणाऱ्या. त्यांची मुलगी ऐकू न येणारी. पुण्यात तिला कसाबसा मूकबधिरांच्या शाळेत प्रवेश मिळाला होता, तोही आमची तारीख उलटल्यानंतर. आणि माझ्या स्वच्छ यादीत त्यांचं नाव चंद्रपूरला होतं.

मी फाईल घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "लिमयेबाई, तुम्ही? आणि तुमचा तो नियम?"

"नियम माझाच आहे," मी म्हटलं, "तेव्हा मोडायला दुसरं कुणी येणार नाही."

यादीतून नाव निघालं. संध्याकाळी मी मोठ्या अभिमानाने हे बिशपबुवांना सांगितलं. ते म्हणाले, "मुलीचं नाव काय?" ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावर एकही पाकीट बंद राहिलं नाही. नोकरीत मी जी काही बरी कामं केली असतील, ती त्या संध्याकाळनंतरची आहेत. हे ऋण मी उघड सांगते. ते फेडण्यासारखं नाही आणि मला फेडायचंही नाही.

पाटोळे निवृत्तीनंतर हडपसरला मुलीजवळ राहत होते आणि तिथल्याच देवळात जात. बिशपबुवांना पुण्यातल्या एकाहून एक मोठ्या देवळांतून बोलावणी असत. ते दर रविवारी बस बदलत हडपसरला जायचे. एकदा बसच्या पायरीवरून पडले. डॉक्टरांनी बस बंद केली. मग माझ्या स्कूटरवरून मी त्यांना नेऊ लागले. आमचे हे म्हणाले, "धर्म बदलणार असलीस तर आधी सांग. सत्यनारायणाचं सामान आणून ठेवलंय, ते वाया जायला नको."

सोलापूर रस्त्याने, हातात आडवी छत्री धरून, ताठ बसलेले बिशप घेऊन जाणं म्हणजे एक मिरवणूकच असायची. सिग्नलला ते वाहतूक पोलिसाला सलाम करायचे. तो गोंधळून उलटा सलाम ठोकायचा, आणि माझ्याकडे लायसन्स कुणी कधी मागितलं नाही.

देवळात ते सर्वांत मागच्या बाकावर बसत. तिथल्या तरुण पाळकाला ते फार अवघड व्हायचं. तो दर आठवड्याला येऊन विनवायचा, "साहेब, पुढे चला, निदान आशीर्वाद तरी तुम्ही द्या." हे म्हणायचे, "पाळकसाहेब, मागून तुमचा उपदेश फार छान ऐकू येतो." मी शेजारी बसायचे. उपासनेच्या मध्यावर त्यांच्यात एक वेळ येते. सगळे उठतात, एकमेकांना हात जोडतात किंवा हातात हात घेतात आणि "शांती असो" म्हणतात. पाटोळे तिसऱ्या रांगेत असत. उंच, वाळकुडे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. ते सगळ्या देवळात फिरायचे, लहान मुलांपुढेसुद्धा वाकायचे, मागच्या बाकापर्यंत यायचे. मला, एका परक्या बाईला, हात जोडून म्हणायचे, "शांती असो, बाई." आणि माझ्या शेजारची जागा रिकामी असल्यासारखे मागे वळायचे. बिशपबुवा हात जोडून उभे असायचे. पाटोळे आपल्या रांगेत जाऊन बसेपर्यंत ते हात खाली आणायचे नाहीत.

मग प्रभुभोजन असायचं. सगळे ओळीने वेदीपाशी जायचे, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचे. मी त्याला प्रसाद म्हणायचे आणि त्यांनी मला कधी दुरुस्त केलं नाही. ज्यांनी आयुष्यभर हजारोंना तो दिला, ते बिशपबुवा जागेवरच बसून राहायचे.

"तुम्ही का जात नाही?" मी पहिल्याच रविवारी विचारलं.

"आमच्यात शिकवण आहे. एखाद्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल, तर आधी त्याच्याकडे जायचं, मग वेदीकडे. मीच पुष्कळदा शिकवलंय हे."

"मग दुसऱ्या देवळात घ्या की. कोण बघतंय?"

"घेता येईल. पण तिथे पाटोळे नसतात."

असे रविवारांमागून रविवार गेले, वर्षं गेली. हडपसरच्या रस्त्याला काचेच्या इमारती उगवल्या, कंपन्यांच्या बसगाड्यांनी स्कूटर चालवणं मुश्कील केलं, माझे गुडघे बोलायला लागले. पाटोळे तसेच. एकदा परतताना माझा तोल गेला. गाडीचा नव्हे, जिभेचा. मी म्हटलं, "माणूस आहे का दगड?"

"गाडी थांबवा," मागून आवाज आला. तो देवळातला आवाज होता. मी कडेला थांबवली. ते उतरून माझ्यासमोर आले. "पाटोळ्यांना माझ्यासमोर कुणी काही बोलायचं नाही. त्यांचं काही चुकलेलं नाही."

"अहो, पण किती वर्षं?"

"मुदतीचा नियम माझा होता, बाई. त्यांचा नव्हता."

मग पुन्हा बसले, छत्री आडवी धरली, आणि मी गाडी सुरू केली.

पाटोळ्यांची मुलगी सुवार्ता खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. चटपटीत, हसरी. उपासनेनंतर व्हरांड्यात चहा असायचा, तिथे तिची माझी ओळख झाली. एकदा मी तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, "काकू, मी सांगून दमले. आमच्या ऑफिसात कसं असतं, कंप्लेंट असली की तिकीट टाकायचं. कुणीतरी ते वाचतं, रिप्लाय देतं, मग तिकीट क्लोज. पटो न पटो. बाबांचं तिकीट कुणी वाचलंच नाही ना. ते अजून ओपनच आहे."

"पण बिशपसाहेब वाचायला तयार आहेत. बाबाच सांगत नाहीत."

"बाबा म्हणतात, आता ऐकून कुणाची आई परत येणार आहे?" मग स्वतःच म्हणाली, "माझी."

मी माझा कप खाली ठेवला. मग तिला भोसलेबाईंची गोष्ट सांगितली. फीत, कपाट, तळाचं पाकीट, चंद्रपूर. भोसलेबाईंची मुलगी एव्हाना शाळा संपवून शिवणकाम शिकत होती, तेही सांगितलं. म्हटलं, "तुझ्या बाबांचं पत्र न वाचल्यामुळे माझ्या कार्यालयात एक पत्र वाचलं गेलं." सुवार्ताच्या हातातला चहा गार झाला.

"हे बाबांना माहीत नाही."

"नसणारच. बिशपसाहेब स्वतःच्या बाजूने एक शब्द सांगायचे नाहीत."

"मी सांगू?"

"तुझे वडील आहेत. तू ठरव."

तिने सांगितलं की नाही, मी कधी विचारलं नाही. पुढचे कित्येक महिने काही घडलंही नाही. माझ्यामुळे काही झालं असं म्हणवून घ्यायची माझी इच्छा नाही.

त्या हिवाळ्यात बिशपबुवांना तापाने धरलं. नजर आधीच गेलेली. टपाल मी वाचून दाखवत होते. एका दुपारी फाटकापाशी सुवार्ताची नवी छोटी मोटार थांबली आणि पाटोळे एकटेच उतरले. खाली आगाशे होतेच.

"कुणाकडे?"

"बिशपसाहेबांकडे."

"काय काम?"

"एक पत्र द्यायचंय."

"टपालपेटी डावीकडे आहे."

"तोंडी आहे."

आगाश्यांनी त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं. आयुष्यात कुणालाही बोचकारल्याशिवाय न सोडणारा तो माणूस म्हणाला, "दुसरा मजला. तिसऱ्या पायरीची फरशी हलते, जपून जा."

मी दार उघडलं. पाटोळे आत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. खाटेच्या पायथ्याशी, वरिष्ठांपुढे उभं राहावं तसे उभे राहिले. बिशपबुवांनी विचारलं, "कोण?"

"यशवंत पाटोळे, साहेब. पाकीट चुलीत घातलं, ते खरं. पण मजकूर पाठ आहे."

बिशपबुवा उठायला लागले. मी आधार द्यायला गेले, तर हाताने नको म्हणाले. कसेबसे उठून बसले, पाय जमिनीला टेकवले आणि म्हणाले, "वाचा."

पाटोळ्यांनी डोळे मिटले. "माननीय बिशपसाहेबांचे सेवेसी सप्रेम सलाम. विनंती विशेष. माझी पत्नी सुलोचना हिच्यावर पुण्याच्या इस्पितळात औषधोपचार चालू असून दर तीन आठवड्यांनी न्यावे लागते. एकही खेप चुकवू नये असे डॉक्टरांनी बजावले आहे. तरी यंदाचे वर्ष मला पुण्यातच ठेवावे. पुढल्या वर्षी आपण म्हणाल त्या गावी, म्हणाल त्या मंडळीत आनंदाने जाईन. सुलोचनेने आपल्याला सलाम सांगितला आहे. आपण घरी आला होता, तेव्हा तिने केलेली शेंगांची पोळी आपण दोनदा मागून घेतली होती. बरी झाल्यावर पुन्हा करीन म्हणते." त्यांनी डोळे उघडले. मग त्यांनी शेवटची ओळ पुरी केली. "आपला आज्ञाधारक, यशवंत पाटोळे."

 बिशपबुवांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग ते बोलले. बोलणं अगदी कार्यालयातलं, निर्णय देणाऱ्याचं होतं.

"वर्षभरच ना?"

"वर्षभरच, साहेब."

"पुण्यातच राहा, पाटोळे. सुलोचनाबाईंची एकही खेप चुकवू नका."

"बरं, साहेब," पाटोळे म्हणाले, आणि तो ताठ माणूस खाटेच्या कडेवर मटकन बसला. मी गॅलरीत गेले. आतून दोन म्हाताऱ्यांच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मी कठड्याला धरून त्यांच्याबरोबर रडत होते. निघताना पाटोळे दारात थांबून म्हणाले, "माफीचं मला अजून काही सांगता येत नाही, साहेब." आतून उत्तर आलं, "मी विचारलं का? जिना जपून उतरा."

ताप उतरल्यावरच्या पहिल्या रविवारी बिशपबुवा हट्टाने स्कूटरवर बसले. मागचा बाक तोच. "शांती असो"ची वेळ आली तेव्हा पाटोळे सगळ्यांना भेटत भेटत आमच्यापर्यंत आले. मला हात जोडले. मग शेजारच्या जोडलेल्या हातांपुढे थांबले, ते हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही, आणि ते मला ऐकायचं नव्हतंच. पुढे ओळ लागली, तर पाटोळे मधल्या वाटेत अडून उभे राहिले. मागचे लोक खोळंबले. बिशपबुवा उठून, बाकांना चाचपडत त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हाच ती ओळ हलली.

त्यानंतर बिशपबुवा जेमतेम दोन महिने होते. ते कसे गेले, दफनाला केवढी गर्दी लोटली, किती बिशप आले, हे सगळं मला ठाऊक आहे, पण शेवटचं म्हणून माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्या रविवारचा रस्ता. व्हरांड्यातला चहा झाल्यावर मी नेहमीसारखी स्कूटर काढून उभी राहिले. बिशपबुवा जवळ आले, सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "लिमयेबाई, आज तुम्ही व्हा पुढे. मी पाटोळ्यांकडे जेवणार आहे."

समोरच पाटोळ्यांचं घर, पण मध्ये तो रस्ता. सुवार्ता गाडी आणते म्हणाली, तोवर दोघे निघालेसुद्धा. एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला भरभर चालवत नव्हतं, आणि कुणी कुणाचा हात धरायचा यावरून दुभाजकापाशी त्यांची चक्क हुज्जत चालली होती. एका कंपनीची भली मोठी बस करकचून थांबली आणि हॉर्न वाजवू लागली. पाटोळ्यांनी तिला हात दाखवला. बिशपबुवांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवून ड्रायव्हरला सलाम केला. मग दोघे सावकाश पलीकडे गेले.